पावण्याला पाडायचं न्हाय

"सुई नको," मुलगा म्हणाला. "कान हाय तसा राहू द्या, बाई."

मी सिरिंज हातात घेऊन उभी होते. समोर स्टुलावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसला होता. केस मक्याच्या कणसासारखे पिवळे, डोळे निळे आणि डावा कान वरच्या बाजूला पुरीसारखा टम्म फुगलेला. त्याच्या मागे आईवडील उभे. त्या दोघांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता आणि मुलगा माझ्याशी थेट कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली मराठी बोलत होता.

"काय म्हणतोय तो?" वडिलांनी इंग्रजीत विचारलं.

"जरा घाबरलाय," मी ठोकून दिलं. खरं म्हणजे तो अजिबात घाबरलेला नव्हता. कान बरा होईल याचीच त्याला भीती वाटत होती. पण ते मला नंतर कळलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. राजारामपुरीत कान-नाक-घशाचं माझं क्लिनिक नवीनच होतं. त्या काळी कोल्हापुरात बाईमाणूस डॉक्टर म्हणजे बाळंतपणाचीच, असं लोक धरून चालत. कान दाखवायला आलेला माणूस आधी इकडेतिकडे बघे आणि विचारे, "डाक्टर कुठं गेल्यात?" मी म्हणे, "समोर बसलेत. कान पुढं करा." असो.

मुलाचं नाव एरिक. वडील लार्सन डेन्मार्कचे इंजिनियर. इथल्या एका सहकारी दूधसंघात दूध पावडरचा प्लांट बसवायला आले होते. काम दीड-दोन वर्षांचं, म्हणून कुटुंबालाही घेऊन आले. मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. संध्याकाळी करायचं काय, तर एके दिवशी संघाच्या जीपचा ड्रायव्हर त्याला गंमत म्हणून आपल्या पेठेतली तालीम दाखवायला घेऊन गेला. पोरानं लाल माती पाहिली, शड्डू ऐकला, मांडीवर हात मारून पाहिला आणि तिथंच रमला. दुसऱ्या दिवसापासून लंगोट लावून हौदात. हौद म्हणजे पाण्याचा नव्हे, कुस्ती खेळायची मातीची खोलगट जागा. तालमीतल्या पोरांना एरिक हे नाव काही झेपेना. आमचा जिल्हा कर्नाटकला लागून, त्यामुळे आठवड्याभरात त्याचा इरण्णा झाला. हाक मारली की 'ओ' देऊ लागला. आईनं मला कौतुकानं सांगितलं की शाळेच्या वहीवरही त्यानं तेच नाव घातलंय.

आता कानाचं सांगते. कानाची पाळी मऊ असते, पण वरचा कान कुर्चेचा असतो. कुर्चा म्हणजे वाकणारं मऊ हाड म्हणा. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. वरच्या पातळ आवरणातून जे मिळेल त्यावर ती जगते. कान जोरात घासला, दाबला गेला की आवरण कुर्चेपासून सुटतं आणि मधे रक्त साठतं. ते वेळेत काढलं नाही तर कुर्चा उपाशी मरते आणि कान आक्रसून गाठीगाठींचा होतो. यालाच पैलवानाचा कान फुटला म्हणतात.

इलाज साधा असतो. सुईनं रक्त काढायचं, कानाच्या खळग्यांत कापूस नीट बसवायचा आणि डोक्याभोवती घट्ट पट्टी बांधायची. कुस्ती काही दिवस बंद. पण कोल्हापुरात हा इलाज करून घ्यायला कोणी येत नसे. फुटके कान घेऊन पैलवान माझ्याकडे सर्दीला येत. एकदा एका पैलवानाला मी म्हणाले, "लवकर आला असता तर कान वाचवला असता." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला मिशा काढायला सांगत होते. फुटका कान म्हणजे तिथं डिग्री सर्टिफिकेट. तो मिरवायचा असतो.

लार्सनसाहेबांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. माणूस सज्जन, पण चांगलाच तापला होता.

"डॉक्टर, तुम्ही मला पत्र लिहून द्या की हा खेळ त्याच्यासाठी धोक्याचा आहे. म्हणजे मी तो बंद करतो. मी बंद केला तर तो माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही केला तर तुमच्याशी बोलणार नाही."

"आधी कान बघू द्या," मी म्हणाले आणि दिवा जवळ ओढला.

कान जवळून पाहताना मला वास आला. एरंडेलाचा. पुढं बघितलं तर कातडीवर ओरखडे होते आणि सगळे एकाच दिशेला. कुस्तीत कान घासतो तो कसाही, समोरच्याच्या डोक्यावर, दंडावर, मातीत. इथं कोणीतरी एकाच खरबरीत वस्तूवर वरून खाली कान घासल्यासारखं दिसत होतं. आणि एरंडेल म्हटल्यावर मला माझा धाकटा भाऊ आठवला. तो शाळेत असताना मल्लखांब करायचा आणि घरभर हाच वास घेऊन फिरायचा. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोपडतात.

मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"मल्लखांबावर कान कशापायी घासलास रे?"

मीही त्याच्या भाषेत शिरले. शेवटी माझंही माहेर कागलचं. त्याचा हात कानाकडे गेला.

"कुणी सांगितलं म्हणून घासलास?"

"न्हाय. माझा मीच."

"का पण?"

"कान फुटल्याबिगर मला कोण पाडत न्हाय."

मला काही उलगडा होईना. मग त्यानं सांगितलं आणि सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले.

तालमीत तो रोज खेळायचा आणि रोज जिंकायचा. पहिल्या पहिल्यांदा त्याला फार आनंद झाला. घरी जाऊन सांगायचा, आज दोघांना पाडलं, आज तिघांना. पुढं त्याला संशय यायला लागला. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, अंगानं दुप्पट पोरगा, ह्यानं नुसता हात लावला की धाडकन पाठीवर. एकदा ह्यानं मुद्दाम काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला. तर समोरचा पोरगा थोडा वेळ वाट बघत थांबला आणि मग आपला आपणच पडला.

"आनि परवाच्या जत्रंत तर," तो नाक पुसत म्हणाला, "एक दाढी आलेला बाप्या माझ्या म्होरं उताणा झाला. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फेटा बांधला. मी काय येडा हाय व्हय?"

"वस्तादांना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हनलं, तू लई भारी पैलवान हैस. ते समद्यांना शिव्या देत्यात. मला एक पन देत न्हाईत."

त्याचा हिशेब असा होता की कान फुटलेला दिसला तर परगावचा पंच त्याला पाहुणा समजणार नाही, पैलवान समजेल. मग एखादा तरी गडी त्याच्याशी खरं लढेल. त्या वयाच्या डोक्यातून निघालेला हिशेब म्हणून तो काही वाईट नव्हता.

मला एकाच वेळी हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मी त्याच्याशी सौदा केला. मला रक्त काढू दे, पट्टी बांधू दे, मल्लखांबाच्या वाटेला जायचं नाही. बदल्यात मी वस्तादांशी बोलते.

"ते ऐकायचं न्हाईत," तो म्हणाला.

"माझं ऐकत नाहीत असे लोक अजून जन्मायचेत," मी म्हणाले. तेव्हा वयच तसं होतं. त्यानं हूं की चूं न करता सुई टोचून घेतली. आईवडिलांना मी सांगितलं की पत्राचं पुढच्या ड्रेसिंगच्या वेळी बघू, तोवर कुस्ती बंद. साहेब थोडे निवळले.

त्या संध्याकाळी मी तालमीत गेले. तालमीत बायका जात नसत. आत मारुती, पोरं लंगोटावर. मी ओट्याशी थांबले आणि निरोप पाठवला. बापू वस्ताद बाहेर आले. पन्नाशी ओलांडलेली, पण दारातून बाहेर पडताना तिरकं व्हावं लागेल असा देह. दोन्ही कान मिटलेले. त्यांनी स्वतः खुर्ची आणून ओट्यावर ठेवली.

"बसा डॉक्टरीणबाई. पोराच्या कानाचं कळलं. कुनी केलं त्येवढं सांगा. चामडी सोलतो त्येची."

"त्यानंच केलंय. तुमच्यामुळं."

वस्ताद गोंधळले. मी काय ते सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"आता काय बोलू बाई. आपल्या दारात पावणं आलं. त्येला पयलं पानी द्यायचं, पयलं ताट वाढायचं. आनि आपनच त्येला मातीत घालायचं? पोरास्नी मीच सांगितलंय, पावण्याला पाडायचं न्हाय. येवढी तर रीत पाहिजे का नको मानसाला?"

"पाहुणा म्हणून जेवायला आलाय का तो? तुमचा पठ्ठा म्हणून आलाय."

"आनि हातपाय मोडला म्हंजे? सायेब गाशा गुंडाळून जाईल. मशिनी कोन बसवनार? संघाचं चेरमन सोता हितं येऊन सांगून गेल्यात, पोराला वरखडा येता कामा न्हाय."

"ओरखडा आलाय ना आता? चेअरमनना सांगू का, कशामुळं आला ते?"

 आतून जोर काढणाऱ्या पोरांचा हुंकार ऐकू येत होता.

"वस्ताद, तुम्ही त्याला कधी शिवी दिलीत?"

"त्येला? छ्या. गोड पोरगं हाय."

"आणि बाकीच्यांना?"

"ती काय मोजायची गोष्ट हाय व्हय?" ते ओशाळून हसले.

"मग त्याला का नाही? त्यालाही कळतं की. तुम्ही ज्याला शिवी देत नाही त्याला तुम्ही पैलवान समजत नाही."

ह्यावर त्यांनी लांब कुठंतरी बघितलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला सांगता येणार नाही, पण त्यांचा आवाज उतरला.

"लई मन लावून करतंय बाई पोरगं. बैठका मारतंय तर थांबवावं लागतंय. माझ्या हितल्या निम्म्या टोणग्यांना तेवढी वड न्हाय. खरं शिकवलं असतं तर..." ते थांबले. "पन हात मोडला तर?"

"कान माझ्याकडं. हात मोडला तर माझ्या शेजारच्याच गल्लीत हाडांचे डॉक्टर आहेत."

वस्ताद पोट हलवून हसले. पण शब्द काही दिला नाही. म्हणाले, "बगतो."

पुढच्या ड्रेसिंगला लार्सन दांपत्य पुन्हा हजर. कान छान बसला होता. वरच्या कडेला एक बारीक गाठ राहील असं वाटत होतं, बाकी काही नाही. साहेबांनी पुन्हा पत्राचा विषय काढला.

"वाईट वाटतं हो मला," ते म्हणाले. "एकदाही हरलेला नाही तो. माझ्या वडिलांना मी दर पत्रात लिहितो, तुमचा नातू इथं चॅम्पियन आहे. पण कान तो कानच."

आता मात्र सांगणं भाग होतं. असल्या गोष्टी गोड करून सांगायची कला मला आजही नाही.

"मिस्टर लार्सन, तो एकदाही जिंकलेला नाही."

"म्हणजे?"

"सगळे मुद्दाम पडत होते. तुम्ही पाहुणे आहात ना."

"सगळे?"

"सगळे. जत्रेतला तो दाढीवालासुद्धा."

साहेब खुर्चीत बसले. त्यांच्या पत्नीनं आधी तोंडावर हात धरला, मग तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती नवऱ्याला काहीतरी म्हणाली, बहुधा आजोबांना आता काय लिहिणार असंच असावं, कारण साहेबांचं तोंड आणखी लांब झालं.

"आणि म्हणून त्यानं कान...?"

"कोणीतरी आपल्याशी खरं लढावं म्हणून."

मग बापलेकांचं डॅनिशमध्ये बोलणं झालं. मला ती भाषा येत नाही. पण बापाचा आवाज चढत गेला आणि मग हळूहळू खाली आला. मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी साहेब माझ्याकडे वळले.

"तो म्हणतो, आता बंद केलं तर घरी परत जाईन तेव्हा मला कुस्ती येते का नाही हेच मला माहीत नसेल."

साहेबांनी पोराच्या कानाकडे एकदा नीट बघून घेतलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. इंजिनियर माणूस, टेस्टिंगशिवाय त्याचं काही पुढं सरकत नसे. "एक कुस्ती. खरी. कोणी पडायचं नाही. पडला आणि रडत आला तर मी बंद करणार. आणि तुम्ही मला अडवायचं नाही."

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "कान पूर्ण बरा झाल्यावर. आणि डोक्याला पट्टी बांधून." सौदा ठरला. साहेबांच्या मनात काय होतं ते स्पष्ट दिसत होतं. एकदा पाठीवर आपटला की पोराची हौस फिटेल.

चैत्रातल्या जत्रा सुरू झाल्या. वारणेकाठच्या एका गावात कुस्त्यांचं मैदान होतं. मैदानात बायका जात नसत, म्हणून मी आणि मिसेस लार्सन माझ्या एका पेशंटच्या घराच्या धाब्यावर चढलो. तिथून सगळं खाली परातीत वाढल्यासारखं दिसत होतं. मध्ये माती, भोवती माणसंच माणसं, हलगी कडकडत होती. लार्सनसाहेब खाली पंचांच्या शेजारी, खास त्यांच्यासाठी आणलेल्या लोखंडी खुर्चीवर. बाकी सगळं गाव मातीत बसलेलं.

मैदानात कुस्ती कशी लागते ते सांगते. वजनकाटा नसतो, लिस्ट नसते. पंच पोरांना आत घेतात, ती हात वर करून गोल फिरतात आणि पंच नजरेनं दोघांचा अंदाज घेऊन त्यांचे हात एकमेकांच्या हातात देतात. ह्याला जोड लावणं म्हणतात. दोन तोलामोलाचे गडी नुसत्या नजरेनं ओळखायचे. लहान पोरांच्या कुस्त्या आधी होतात, त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर. पॉइंट वगैरे काही नाही. ज्याची पाठ मातीला लागली तो चीत, कुस्ती संपली.

इरण्णा फिरायला लागला. डोक्याला माझी पांढरी पट्टी, त्यात ते पिवळे केस. सगळं मैदान त्याच्याकडेच बघत होतं. पंचांनी जोड शोधायला सुरुवात केली तर एकही पोरगं पुढं येईना. ज्याच्याकडे बोट दाखवावं त्याचा बाप नाहीतर चुलता त्याला मागं ओढी. तेवढ्यात माइकवरून आवाज आला.

"मंडळी, आपल्या गावाचं भाग्य, परदेशी पावणं कुस्तीसाठी आल्यात. ही मानाची कुस्ती. पावण्यांच्या पोराला..."

मी वरून पाहिलं. मुलाचे खांदे पडले होते. त्याला पुढचं सगळं पाठ होतं. कोणीतरी येणार, पडणार, टाळ्या, फेटा.

"काय झालं?" त्याच्या आईनं माझा हात धरला.

मी काही सांगायच्या आत खाली गडबड झाली. बापू वस्ताद गर्दीतून वाट काढत माइकपाशी गेले होते. त्यांनी बोलणाऱ्याच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावून घेतला. खरं तर त्यांना माइकची गरज नव्हती.

"कोन पावणं? हितं पावणंबिवणं कोन न्हाय. हे माझ्या तालमीचं पोरगं हाय. माझा पठ्ठा हाय. ज्याला पाडायचं हाय त्यानं यावं आनि पाडावं. आनि जो मुद्दाम पडंल त्याला मी सोता मातीत पुरीन. सांगून ठेवतो."

माइकवाला दोन पावलं मागं सरकला. आणि मी इतकी वर्षं पैलवानांचे कान बघतेय, पण त्या दिवशी वस्तादांवर जसा जीव जडला तसा आधी कधी जडला नव्हता.

कडेच्या गर्दीतून एक सावळा, काटक पोरगा उठला. सदा त्याचं नाव, जवळच्याच गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. चुलत्यानं त्याचा सदरा धरला होता, तो सदरा चुलत्याच्याच हातात सोडून तो मैदानात आला. पंचांनी दोघांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हात हातात दिले.

पहिली काही मिनिटं दोघं नुसते एकमेकांच्या मानेवर हात टाकून जोर अजमावत होते. मग सदानं वाकून पट काढला, म्हणजे पाय धरून ओढला. इरण्णा धाडकन तोंडावर आपटला. आईनं डोळे मिटले.

"पाठ लागलेली नाही," मी तिला म्हणाले. "पोटावर आहे. अजून संपलं नाही." मलाही हे कधी कळायला लागलं, देव जाणे.

सदा त्याच्यावर बसून त्याला उलटवायला बघत होता. इरण्णा मातीला घट्ट चिकटला होता. मग कसा कोण जाणे, तो हाताखालून सुटला आणि सदाच्या मागं गेला, कमरेला मिठी मारली. लोक उठून उभे राहिले. हलगीवाल्यानं जोर धरला. मीही धाब्यावर उभी राहिले आणि ओरडले, "सोडू नको." मिसेस लार्सननंही ओरडून घेतलं, डॅनिशमध्ये.

पण सदा त्या मातीत वाढलेला होता. त्यानं इरण्णाचा हात खांद्यावरून पुढं ओढला, कंबर आत घातली आणि धोबी दगडावर कपडा आपटतो तसा त्याला आपटला. पाठ सपाट, दोन्ही खांदे मातीला. अजिबात शंका नाही अशी चीत.

हलगी थांबली. एवढ्या गर्दीत कोणी खोकलंसुद्धा नाही. पाहुणा पडला होता. सदाला आता आपण काय करून बसलो ते कळलं असावं. तो घाबरून चुलत्याकडे बघायला लागला आणि चुलता कपाळाला हात लावून बसला होता.

इरण्णा उठेना. तो पाठीवर पडून होता, तोंडात माती, पट्टी सुटून गळ्यात आलेली. आणि त्याचं पोट हलत होतं.

"रडतोय का?" आईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "हसतोय."

तो खदखदा हसत होता. तसाच पडल्या पडल्या. सदाला काय करावं सुचेना, मग त्यानंच वाकून हात दिला आणि त्याला उभं केलं. आणि त्या शांततेत एकट्या माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. लार्सनसाहेब लोखंडी खुर्चीवरून उठले होते आणि आपलं पोरगं चीत झालं म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवत होते. मग मात्र सगळं मैदान सुटलं. शिट्ट्या, हलगी, उडत्या टोप्या. असा जल्लोष मोठ्या कुस्तीलाही झाला नाही त्या दिवशी.

गावचे पुढारी फेटा आणि नारळ घेऊन इरण्णाकडे धावले. वस्तादांनी मध्येच अडवलं. "नारळ त्येला," सदाकडे बोट दाखवून ते म्हणाले. "हारलेल्याला कशाचा नारळ?" आणि मग पठ्ठ्याकडे वळले. आम्ही धाब्यावर होतो तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"आरं गाढवा, कंबर धरलीस आनि पाय कुठं ठिवलास? डोस्कं हाय का खोकं? येवढं दूध प्यालास त्ये काय कानात घातलंस व्हय रं? उद्या ये तालमीत, तुझी सालटी काढतो बघ."

शिव्या पुढंही बऱ्याच होत्या. त्या मी इथं लिहीत नाही. मिसेस लार्सन काळजीनं म्हणाली, "ते त्याला फार रागावताहेत का हो?"

"फार," मी म्हणाले.

"मग तो इतका खुश का दिसतोय?"

खरंच, इरण्णा मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या तोंडावरचं हसू कानापर्यंत गेलं होतं.

साहेबांनी पत्राचा विषय पुन्हा काढला नाही. प्लांट सुरू होईपर्यंत, म्हणजे वर्षभर, पोरगं तालमीत जात राहिलं. बऱ्याचदा पडलं. काही वेळा पाडलं, आणि ते खरं होतं. आजोबांना काय लिहिलं ते मी विचारलं नाही. कानाच्या वरच्या कडेला ती बारीक गाठ राहिली. माझ्या दृष्टीनं तो इलाज नव्वद टक्के यशस्वी. त्याच्या दृष्टीनं राहिलेले दहा टक्केच महत्त्वाचे. जायच्या आधी तो क्लिनिकमध्ये पेढे घेऊन आला तेव्हा बोटानं ती गाठ मला दाखवून म्हणाला, "बाई, येवढी तरी ऱ्हायली की."

ह्या प्रकरणातून मी एवढंच शिकले की पाहुण्याला आग्रह ताटावर करावा, मातीत करू नये. तेव्हापासून क्लिनिकमध्येही मी कोणाशी गोड बोलत नाही. पेशंट कमी झाले नाहीत.